दहा खाटांचं घर: बेघर कामगारांसाठी परवडणारं शेअरिंगचं घर कसं बसवायचं

निवाऱ्यात खाटा रिकाम्या आणि पन्नास पावलांवर फ्लायओव्हरखाली पंधरावीस माणसं झोपलेली, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चिडलोच होतो, म्हटलं फुकट आहे, छप्पर आहे, पाणी आहे, मग लोक जात का नाहीत. तिथल्याच एका नांदेडकडच्या मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "जातो की साहेब, पण माझी थापी आन् ओळंबा कुठं ठेवू? मागच्या टायमाला चोरीला गेलं, चार दिवस धंदा बंद." त्यांच्या शेजारचा पोरगा केटरिंगला जायचा, लग्नसराईत रात्री दीड-दोनला सुटायचा, तोवर निवाऱ्याचं गेट बंद. तिसरे एक मामा काही बोललेच नाहीत, नुसते हसले आणि हातावरचे ढेकणांचे फोड दाखवले.

खालचं सगळं त्या तीन उत्तरांतूनच निघालंय. मी आर्किटेक्ट वगैरे नाही, साईटवर सुपरवायझर होतो, आणि आम्ही काही जणांनी मिळून पुण्यात एक जुनं बैठं घर भाड्याने घेऊन दहा पुरुषांसाठी बसवलं. त्यात भरपूर चुका केल्या. तुम्ही कुठल्या गावात असं काही करणार असाल तर निदान त्याच चुका करू नका, नव्या करा.

आधी एक गोष्ट, कारण लोक विचारतात की अनोळखी माणसं एका घरात कशी राहणार. अहो, अर्धी मुंबई तशीच राहिली. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत कोकणातल्या गावकरी मंडळांच्या खोल्या होत्या, एकेका खोलीत वीस-तीस माणसं, कोणी दिवसपाळी कोणी रातपाळी, त्यामुळे सगळे एकाच वेळी झोपायला नसायचेच. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, कपडे दोरीवर, जेवण खानावळीत. धोबी तलावला गोव्याच्या लोकांचे कुड आहेत ते पण हेच, गावाच्या नावाने चालणारी घरं, बोटीवर जाणारा माणूस बोट मिळेपर्यंत तिथे राहणार आणि संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, हजर राहणार. तिथे जागा वाटून घ्यायचे पण ट्रंक वाटून घ्यायचे नाहीत, आणि डिझाइनच्या बाबतीत मला यापेक्षा जास्त कोणी शिकवलेलं नाही. फरक एवढाच की तिथे गाव ओळखीचं होतं, कोणी गडबड केली तर गावात बोभाटा व्हायचा. आपल्याकडे येणारी माणसं दहा जिल्ह्यांतली असतात, त्यामुळे गावाच्या धाकाचं काम कुलपाला आणि भिंतीला करावं लागतं.

जागा शोधताना पहिलं नकाशावर मजूर अड्डा, मार्केट यार्ड, स्टेशन, एसटी स्टँड यांच्यावर बोट ठेवा आणि तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटांच्या आत जे मिळेल तेच बघा. गावाबाहेर निम्म्या भाड्यात मोठं घर मिळतं हे खरंय, आम्हालाही एक मिळत होतं, पण जाऊन-येऊन रोजचे चाळीस-पन्नास रुपये रिक्षाला गेले की महिन्याचे हजार-बाराशे झाले, वर सकाळी आठला नाक्यावर नाही पोचला तर ठेकेदार दुसऱ्याला घेऊन गेलेला असतो. माणूस फ्लायओव्हरखाली झोपतो तो बऱ्याचदा हाच हिशोब करून झोपतो. आपण त्याला मूर्ख समजतो ते सोडा.

आता माप. २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्याच्या नियमावलीत बेघर निवाऱ्यासाठी माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरली होती, आणि शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे निदान १०० जणांचा कायमचा निवारा. २०२० मध्ये केंद्राची परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आली, त्यात डॉर्मिटरीला खाटेमागे १० चौरस मीटरपर्यंत कार्पेट एरिया, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. पन्नासात माणूस महिनाभर काढेल, वर्ष काढायला गेला तर भांडणं होतात. १०८ करायला गेलात तर भाडं झेपणार नाही. आम्ही स्वयंपाकघर, मोरी, पडवी सगळं धरून माणशी ८० च्या आसपास बसवलं आणि ते चाललं. दहा माणसं, ८०० चौरस फूट. घरमालक म्हणेल अजून चार बसतील. बसतील हो, पण राहणार नाहीत.

एका खोलीत चारपेक्षा जास्त खाटा नकोत. चारपर्यंत माणसं एकमेकांचं आवरतात, लाईट कधी बंद करायची हे आपसात ठरतं. सहा झाले की कोणीतरी दादा होतो.

खाटांवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आमचे सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडाले. एका बंद पडलेल्या होस्टेलच्या लाकडी खाटा स्वस्तात मिळाल्या म्हणून उचलल्या, पॉलिश बिलिश करून घेतलं, फोटो काढले. तीन आठवड्यात घरभर ढेकूण. लाकडाच्या सांध्यात, प्लायच्या कडेत, दिवाणाच्या खालच्या पट्टीत, कुठे कुठे शोधणार. औषध मारलं, आठ दिवस बरं वाटलं, परत सुरू. शेवटी सगळ्या खाटा विकून टाकल्या (घेणाऱ्याला खरं सांगून, जाळायलाच नेल्या त्याने) आणि फॅब्रिकेटरकडून एमएस (साध्या लोखंडी) अँगलच्या करून घेतल्या. त्याला सांगायचं की पाईप वापरायचा असेल तर तोंडं वेल्डिंगने बंद कर, उघड्या पाईपात ढेकूण संसार थाटतात, वर पत्रा किंवा पट्ट्या, सगळे सांधे पूर्ण वेल्डिंगचे, नटबोल्ट कमीत कमी, आणि पांढरा ऑइलपेंट. पांढऱ्यावर काळा ठिपका लगेच दिसतो. खाट भिंतीपासून चार बोटं लांब. गादी कापसाची नको, फोमची आणि तिला चेनवालं रेग्झिनचं कव्हर. भिंतीतल्या भेगा, खिळ्यांची भोकं गिलावा करून बुजवायची, कॅलेंडरं नि फोटो चिकटपट्टीने लावू द्यायचे नाहीत, त्यांच्या मागेच पहिली वस्ती होते. नवा माणूस आला की त्याचे कपडे-पांघरूण उकळत्या पाण्यातून काढायचे, पण हे चारचौघात करायचं नाही, पहिल्याच दिवशी माणसाची लाज काढली तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही. आम्ही नियमच करून टाकला की येणाऱ्या प्रत्येकाचं, अगदी पाहुण्याचं सुद्धा, पांघरूण पातेल्यात जाणार. मग कोणाला वाईट वाटायचा प्रश्नच उरला नाही.

दुमजली खाटा करायच्या का? जागा वाचते, पण छत निदान साडेनऊ-दहा फूट हवं आणि वरच्या माणसाला ताठ बसता यायला पाहिजे. आणि छताचा पंखा आधी काढून टाका! आमच्याकडे वरच्या खाटेवर एकाने झोपेत हात वर केला, बोटांना टाके पडले, नशीब चांगलं म्हणून तेवढ्यावर भागलं. भिंतीवरचे पंखे लावा, बीएलडीसी घेतले तर साधा पंखा ७५ वॅट खातो तिथे ३०-३५ मध्ये काम होतं. साठीच्या पुढच्या माणसाला, दारू सुटत असलेल्याला, फिट येणाऱ्याला वरची खाट द्यायची नाही. प्रत्येक खाटेला तारेवर सुती पडदा, वर फूटभर मोकळं ठेवून म्हणजे हवा खेळते. त्या पडद्याला दीडशे-दोनशे रुपये लागतात, आणि वर्षानुवर्षं रस्त्यावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झोपलेल्या माणसाला पडदा ओढायला मिळणं काय असतं ते मी इथे लिहून सांगू शकत नाही, एक मामा पहिले चार दिवस दिवसासुद्धा पडदा ओढून आत नुसते बसून राहायचे.

समोरासमोर खिडक्या नसलेली खोली घेऊ नका. रस्त्यावर राहिलेल्यांत टीबी बराच असतो आणि कोंदट खोलीत एकाचा चौघांना व्हायला वेळ लागत नाही. दोन खाटांत तीन फूट तरी ठेवा, झोपताना एकाचं डोकं तिकडे तर शेजाऱ्याचे पाय तिकडे, आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा लांबला की सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी, ती फुकट होते. उपचार सुरू झाले की निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, पण खातं पाहिजे, कागदांचं पुढे सांगतो.

आता थापी आणि ओळंबा. प्रत्येकाला एक लोखंडी कपाट, निदान तीन फूट उंच, दीड फूट रुंद, दीड फूट खोल, म्हणजे हत्यारांची पिशवी, कपडे आणि कागदांची फाईल सगळं मावतं. बाजारात ऑफिसचे लॉकर मिळतात त्यांचा कप्पा छोटा असतो, त्यात डबा सुद्धा आडवा जात नाही. बिल्टइन लॉक नको, नुसता कडी-कोयंडा द्या आणि कुलूप माणसाने स्वतः आणायचं, किल्ली त्याच्याकडे, डुप्लिकेट आपल्याकडे नाही म्हणजे नाही. घमेलं, फावडं, पहार यांना पडवीत साखळीने अडकवायला एक आडवी सळई. भंगार किंवा कचरा वेचणारं कोणी असेल तर पोती घरात येणार नाहीत हे आधीच बोलून घ्या, उंदीर आणि आग दोन्हींची भीती, पण मग बाहेर पत्र्याखाली कुलपाची जागा द्या, नुसतं "बाहेर ठेव" म्हणून भागत नाही, रात्रीत दुसरा उचलून नेतो.

आणि प्लग. दहा माणसांत दोन सॉकेट ठेवले होते आम्ही, पहिल्या महिन्यातली सगळी भांडणं त्या दोन सॉकेटवरची. बिगाऱ्याला काम फोनवर येतं, फोन बंद म्हणजे रोजी बंद. प्रत्येक खाटेच्या उशाला स्वतःचा पॉइंट द्या, त्यावर इस्त्री-शेगडी चालणार नाही असा छोटा एमसीबी टाका, आणि मेनला आरसीसीबी, म्हणजे करंट लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, हवाच, ओल्या हाताने चार्जर काढणारी माणसं आहेत.

मोरी-संडास किती हे माणसं मोजून ठरवू नका, सकाळचं घड्याळ बघून ठरवा. आठला नाक्यावर उभं राहायचं म्हणजे साडेपाच ते सात या दीड तासात सगळ्यांना आंघोळ हवी. बनियन धुऊन, डोकं पुसून माणशी दहा मिनिटं धरली तर एका मोरीत नऊ जण होतात, आणि ते सुद्धा कोणी आत गाणी म्हणत बसला नाही तर. म्हणून दहांना दोन मोऱ्या, दोन संडास, संडास आणि मोरी कधीही एकत्र नको. मागच्या भिंतीला उघड्यावर ओटा करून तीन नळ काढा, निम्मे लोक चड्डीवर तिथेच आंघोळ उरकतात. संडासांपैकी एक कमोडचा आणि भिंतीला धरायला दांडा. जमिनीला उतार नीट द्या, नहाणी ट्रॅप मोठा घ्या, खाली वॉटरप्रूफिंगचा कोबा, वर खरखरीत शहाबादी फरशी, गुळगुळीत टाईल्सच्या नादाला लागू नका. पाणी माणशी १०० लिटर धरा, एक हजाराची टाकी आणि नळ गेला तर म्हणून पाचशेची एक वेगळी. गरम पाण्याला आम्ही जुना बंब आणला, साईटवरचं फुटकं लाकूड मिस्त्रीच घेऊन येतात, विजेचा खर्च शून्य, आणि पाच वाजता बंब पेटवायचं काम मामांनी स्वतःहून घेतलंय, त्यात दुसऱ्याने हात घातलेला त्यांना चालत नाही.

पावसाळ्यात ओले कपडे कुठे? हा प्रश्न उन्हाळ्यात सुचत नाही. पडवीत वर ओढायचे पुलीचे स्टँड लावा, नाहीतर जुलैत खोलीत शिरवत नाही.

स्वयंपाकाबद्दल माझं मत बदललंय. आधी वाटायचं एकत्र मेस चालवू, स्वस्त पडेल, आपलेपणा वाढेल. कसला आपलेपणा, तेल कोणी जास्त ओतलं आणि कांदे कोणी संपवले यावरून दोघांची तोंडं दोन महिने दोन दिशांना. आता कडप्प्याचा लांब ओटा, त्यावर दोन शेगड्या, खाली प्रत्येकाला जाळीचं छोटं कुलपाचं फडताळ, आणि कोणी कोणाबरोबर शिजवायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. आपोआप तीन टोळ्या पडल्या, दोघे जण बाहेरच खातात. पुण्यात हमाल पंचायतीची कष्टाची भाकर आहे, १९७४ पासून, कष्टकऱ्यांना परवडेल असं जेवण मिळतं. तुमच्याकडे शिवभोजन केंद्र चालू असेल तर दहा रुपयांत थाळी. असं काही जवळ असेल तर ओटा छोटा केला तरी चालेल. गॅस कनेक्शनला पत्ता मागतात त्यात अडकू नका, पाच किलोचा छोटू सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. रॉकेलचा स्टोव्ह खोलीत बंद. बाहेर पडायला दुसरा दरवाजा किंवा निदान एका खिडकीला आतून उघडणारी जाळी, आणि एक फायर एक्स्टिंग्विशर ओट्यापाशी नाही, दाराशी.

बायकांसाठी करत असाल तर हाच नकाशा उचलून चालणार नाही. संडास-मोरी घराच्या आतच, बाहेरच्या नळाचा विषय नाही, गल्लीत रात्रभर दिवा, आणि पोरांसकट येणारीला खाट देऊन उपयोग नाही, तिला दाराला आतून कडी असलेली छोटी खोली लागते, दहा बाय दहाची का असेना. नवरा-बायको फ्लायओव्हरखाली एकत्र राहतात आणि निवारा त्यांना दोन बिल्डिंगांत पाठवतो, मग ते परत फ्लायओव्हरखाली. मी स्वतः फक्त पुरुषांचं घर चालवलंय, त्यामुळे याच्यावर जास्त बोलत नाही, ज्या ताई चालवतात त्यांच्याकडे चार दिवस जाऊन राहणाऱ्या कोणीतरी बाईनेच ते आखावं.

पैशांचं. समजा घरभाडं १६,०००, वीज २,५००, टँकर-पाणी १,०००, साफसफाई ३,०००, दुरुस्तीला बाजूला १,५००. झाले २४,०००. दहा खाटांतली एक घर सांभाळणाऱ्याला फुकट, उरलेल्या नवांपैकी एक कायम रिकामी किंवा थकलेली धरा, म्हणजे आठांवर भागवायचं, खाटेला ३,०००, दिवसाला १००. बिगाऱ्याला ६०० रोजाने महिन्याला पंधरा दिवस काम लागलं तर ९,०००, म्हणजे तिसरा हिस्सा गेला, याच्या वर गेलात तर तो परत रस्त्यावर. वयस्कर माणूस किंवा भंगार वेचणारा शंभर देऊ शकत नाही, त्याचे चाळीस घ्या आणि वरचे साठ कोण देणार हे घर उघडायच्या आधी ठरवा, कोणी देणगीदार मिळेल या आशेवर नको. भाडं महिन्याचं मागूच नका, त्यांची कमाई महिन्याची नसते. रोज किंवा आठवड्याच्या बाजारादिवशी घ्या, वहीत त्याच्यासमोर लिहा. डिपॉझिट शून्य. जून ते सप्टेंबर बांधकामं मंदावतात, म्हणून ऑक्टोबर ते मे रोज दहा रुपये पावसाळी भिशीत टाकायचे ही मिस्त्रींची आयडिया, आणि आमच्या सगळ्या प्लॅनिंगपेक्षा तीच जास्त चालली.

विजेचं एक लक्षात ठेवा, महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटला कमी असतो आणि पुढच्या टप्प्यात एकदम चढतो, दहा माणसं एका मीटरवर म्हणजे दर महिन्याला वरच्या टप्प्यात. घराला आधीपासून दोन वेगळे मीटर असतील तर ते घर पाचशे जास्त देऊन घ्या.

घरमालकाशी लिव्ह अँड लायसन्स करा आणि रजिस्टर करा, महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते बंधनकारक आहे, ऑनलाइन होतं, शहरात नोंदणी फी १,००० रुपये आणि स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का. करार संस्थेच्या नावाने, आणि "संस्था इथे दहा व्यक्तींना राहायला ठेवेल" हे वाक्य त्यात शब्दशः पाहिजे. आम्ही पहिल्या घरमालकाला नुसतं "कामगार राहतील" असं तोंडी सांगितलं होतं, गल्लीतून तक्रार गेल्यावर त्याने हात वर केले, पंधरा दिवसांत घर खाली. दुसऱ्या वेळी आधी शेजाऱ्यांकडे गेलो, लपवाछपवी केली नाही, आणि मिस्त्रींना बरोबर नेलं. समोरच्या काकूंच्या गच्चीची गळती त्यांनी त्याच आठवड्यात काढून दिली. त्यानंतर गल्लीत कोणी काही बोललं की काकूच उत्तर देतात. राहणाऱ्यांची माहिती पोलीस स्टेशनला आपणहून द्या, पोच घ्या.

कागद. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला आधारच्या ठरलेल्या नमुन्यातल्या सर्टिफिकेटवर नगरसेवक किंवा गॅझेटेड ऑफिसरची सही-शिक्का चालतो, तिथून सुरू करायचं, मग जनधन खातं, मग बाकीचं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर बेघर मोजले गेले, त्यातल्या किती जणांकडे पत्ता लिहायला जागा असेल विचार करा. आमच्याकडे एकाने पत्ता मिळाल्यावर पहिलं काम काय केलं, तर गावाकडे बहिणीला पोस्टकार्ड टाकलं. फोन होता त्याच्याकडे. तरी पोस्टकार्ड.

नियम चारच ठेवा आणि ते राहणाऱ्यांनी ठरवलेले असू द्या. आमच्याकडे पिऊन आलेला चालतो, पिऊन ओरडणारा पडवीत झोपतो. यावर पुष्कळ जणांनी नाकं मुरडली, पण दारू सुटली तरच घर अशी अट घातली तर अर्धे लोक दारातूनच परत जातात. यायची वेळ नाही, प्रत्येकाला मुख्य दाराची किल्ली, केटरिंगचा पोरगा दोनला आला तरी कोणाला उठवत नाही. भाडं तीन आठवडे थकलं तर सगळे मिळून बसतात आणि बोलतात, लगेच सामान बाहेर नाही.

घर उघडायच्या आधी एक रात्र तिथे स्वतः झोपा. आम्ही दुसऱ्या घराच्या वेळी तिघे झोपलो, सगळं एकदम चकाचक, आणि रात्री दोनला कळलं की बाहेर जायचं दार उघडताना अख्खी गल्ली उठेल एवढं करकरतं, संडासाच्या वाटेवर दिवाच नाही आणि सात नंबरच्या खाटेवर रस्त्याच्या दिव्याचा झोत थेट डोळ्यांत येतो. बिजागरीला तेल, पंधरा रुपयांचा झिरोचा बल्ब, खिडकीला जाड पडदा. सात नंबर आता केटरिंगच्या पोराकडे आहे, त्याला दिवसा झोपायचं असतं.